प्रश्न तारेचा आहे

अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी आपल्या नव्या बॅटरीची दोन टोके स्वतःच्याच कानांत घातली, तेव्हा त्यांना एखादा घट्ट पदार्थ रटरटत असल्यासारखा आवाज ऐकू आला, असे त्यांनी १८०० साली लिहून ठेवले आहे. त्या धक्क्यानंतर हा प्रयोग वारंवार करण्याच्या फंदात ते पडले नाहीत.

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे श्रवणतंत्रिकेला थेट विजेने उद्दीपित करणारे, शस्त्रक्रियेने बसवायचे उपकरण. ते बसवण्यापूर्वीची प्रोमोंटरी चाचणी याच तत्त्वावर उभी आहे: विजेनेही आवाजाची जाणीव होते. कानाच्या पडद्यातून बारीक सुईसारखा इलेक्ट्रोड मधल्या कानातील हाडाच्या उंचवट्यावर टेकवतात, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा असा प्रवाह सोडतात आणि रुग्णाला विचारतात, "काही ऐकू आलं का?" ज्याने जन्मापासून आवाजच ऐकलेला नाही, त्याने याचे उत्तर कसे द्यावे? म्हणून ते फंक्शनल एमआरआयच्या, म्हणजे मेंदूतील रक्तप्रवाहाच्या बदलांवरून त्याचे काम टिपणाऱ्या तपासणीच्या, साहाय्याने थेट मेंदूच्या श्रवणकेंद्राकडून मिळवायचे. इम्प्लांट अजून बसवलेले नसल्यामुळे त्यातल्या चुंबकाने चित्र बिघडण्याची भीतीही नसते.

मी या कामाकडे भौतिकीच्या बाजूने पाहतो आणि मला धास्ती असते ती इलेक्ट्रोडला जोडलेल्या तारेची. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) एमआरआय मशीनमधील रेडिओलहरींची वारंवारता सुमारे १२८ मेगाहर्ट्‌झ असते. हवेत दोन मीटरांहून लांब असलेली ही लहर शरीरातील पाणीदार ऊतींमध्ये तीसेक सेंटिमीटरांपर्यंत आखडते. तारेची लांबी तिच्याशी नको तशी जुळली, की तारेची अँटेना होते आणि उष्णता नेमकी सुईच्या उघड्या टोकाशी एकवटते. त्यामुळे १.५ टेस्लावर निर्धोक ठरलेली तार ३ टेस्लावरही निर्धोक असेलच असे नाही, आणि याच्या उलटही होऊ शकते. पाकिटावरचे 'चुंबकीय नाही' हे शब्द फक्त ओढले जाण्याबद्दल बोलतात, तापण्याबद्दल नाही. यासाठी जास्त रोधाच्या कार्बनच्या तारा वापरतात, मध्ये रोधक घालतात आणि उद्दीपक यंत्र खोलीबाहेर ठेवून तार फिल्टरमधून आत घेतात.

तारेचे वेटोळे पडले तर बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात प्रवाह निर्माण होतो आणि श्रवणतंत्रिका त्यालाच प्रतिसाद देण्याची शक्यता असते. मग मेंदूचे उत्तर नक्की कोणत्या प्रश्नाचे, हे कळत नाही. मेंदूतील रक्तप्रवाहाचा प्रतिसाद चारपाच सेकंद उशिरा शिगेला पोहोचतो, ही गोष्ट इथे पथ्यावर पडते: मशीन शांत असताना उद्दीपन द्यावे, ते थांबवावे आणि मगच चित्र घ्यावे.

माणसाआधी ही सगळी जोडणी जेलने भरलेल्या पुतळ्यावर तपासतात आणि टोकाचे तापमान फायबर-ऑप्टिक संवेदकाने मोजतात, कारण धातूचा संवेदक स्वतःच तापू शकतो. माझ्या पहिल्या तपासणीत उरलेली तार मी सवयीने नीटनेटकी गुंडाळून ठेवली होती. तंत्रज्ञाने काही न बोलता ती सोडवली आणि सरळ केली.