दोन्ही अर्थांपुढे बरोबरची खूण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे पत्र हाती आले आणि पुष्कळ काही लिहायचे ठरवले. पण लिहायला बसल्यावर आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. स्नेहसंमेलने आणि क्रीडास्पर्धा यांविषयी इतर जण लिहितीलच.

एका तासाला बाईंनी फळ्यावर फक्त ‘ओल्ड मेन अँड विमेन’ एवढे लिहून अर्थ विचारला. अर्ध्या वर्गाच्या मते पुरुष आणि स्त्रिया दोघेही म्हातारे होते, तर उरलेल्यांच्या मते म्हातारे फक्त पुरुष होते. वाद रंगला. बाईंनी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहिले, दोन्हींपुढे बरोबरची खूण केली आणि शांतपणे विचारले, “हाच वाद मराठीत का झाला नसता?”

उत्तर त्यांनी आमच्याकडूनच काढून घेतले. ‘म्हातारे’ हे रूप पुरुषांपाशीच थांबते. स्त्रियांनाही तेच विशेषण लावायचे तर ‘म्हाताऱ्या’ म्हणावेच लागते. ‘मोठी मुलींची शाळा’ आणि ‘मोठ्या मुलींची शाळा’ यांत मोठे कोण, हे विशेषणाचे रूपच सांगते. इंग्रजीत मात्र ‘बिग गर्ल्स स्कूल’ ऐकून ते कळत नाही, कारण तिथले विशेषण लिंग, वचन किंवा विभक्ती यांनुसार बदलत नाही. ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ या वाक्यात दुर्बीण पाहणाऱ्याजवळ आहे की दिसलेल्या माणसाजवळ, हेही तसेच अधांतरी राहते. मराठीत ‘दुर्बिणीतून’ किंवा ‘दुर्बीण घेतलेल्या’ असे म्हणताच निवड होऊन जाते. मात्र मराठी निर्दोष आहे, अशा भ्रमात बाईंनी आम्हाला राहू दिले नाही. ‘सुंदर फुलांचा हार’ यात सुंदर काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा न बदलणारे विशेषण आपल्यालाही चकवते, हे लक्षात आले.

आधी शक्य ते सगळे अर्थ काढायचे, मगच मागची-पुढची वाक्ये पाहून निवड करायची, ही त्यांची शिस्त होती. बोलण्यातला जोरही त्या ऐकायला लावत: ‘इंग्लिश टीचर’ म्हणताना पहिल्या शब्दावर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारा शिक्षक, दुसऱ्यावर दिला तर इंग्लंडचा शिक्षक. इतक्या बारकाईने इंग्रजी शिकवणारे कोणी मला पुढे भेटले नाही.

आज मी करारपत्रांचे भाषांतर करतो आणि या कामात जे नाव मिळाले, ते बाईंचेच देणे मानतो. अमेरिकेतील मेन राज्यात दूध वाहून नेणाऱ्या चालकांचा जादा कामाच्या वेतनाचा खटला राज्याच्या कायद्यातील ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ या शब्दांवर अडला होता. ‘पॅकिंग’ दोन्हींसाठी की फक्त शिपमेंटसाठी, म्हणजे चालक करत ते वाटपाचे काम (डिस्ट्रिब्यूशन) जादा वेतनातून वगळलेल्या कामांत स्वतंत्रपणे मोडते की नाही, हा प्रश्न होता. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्धता मान्य करून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली. त्याविषयी वाचताना मला बाईंचा फळा दिसत होता.

हल्ली पर्यायी प्रश्नांत एकाच उत्तराला गुण मिळतात आणि भाषांतराचे यंत्र बहुधा एकच अर्थ पुढे ठेवते, याची खंत वाटते. आपल्या शाळेत आठवड्यातून एक तास तरी एका वाक्याचे सगळे अर्थ काढण्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी विद्यमान शिक्षकांना नम्र विनंती आहे.