यादी माझी, स्टॉक दुकानदाराचा

गेमिंगसाठी पीसी असेंबल करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रोसेसर कुठला? मी सुरुवात मॉनिटरपासून केली. ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या घरात टेबलावर २७ इंचांपेक्षा मोठा स्क्रीन मावत नाही, आणि त्या आकाराला १४४०पी (फुल एचडीपेक्षा बारीक) रिझोल्यूशन शोभतं. मॉनिटर ठरला की ग्राफिक्स कार्ड किती ताकदीचं लागेल ते कळतं. कार्डावरून एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट ठरतं, आणि मग उरलेल्या पैशांत प्रोसेसर बघायचा. धाकट्या भावाला हे सगळं उलटं वाटत होतं. "ताई, आधी रायझन की इंटेल ते तर सांग!" त्याचे मित्र भेटले की बोलणं इथूनच सुरू होतं आणि इथेच संपतं.

मी एक्सेलमध्ये शीट केली. पहिल्या रकान्यात पार्ट, दुसऱ्यात पूर्ण मॉडेल नंबर, तिसऱ्यात "हा बदलला तर आणखी काय बदलेल". हा तिसरा रकाना सगळ्यात कामाचा ठरला. सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), रॅमची पिढी, कार्डाची लांबी या गोष्टी पीसीपार्टपिकरसारखी वेबसाइटही तपासून देते. पण काउंटरवर उभं असताना यादीतला पार्ट संपलेला असतो आणि दुकानदार त्याच किमतीतला दुसरा पुढे करतो, तेव्हा तो पार्ट बाकीच्या पाच पार्टांशी कसा वागेल ते आपल्यालाच दोन मिनिटांत बघावं लागतं.

प्लॅटफॉर्म एएम५ घेतला, म्हणजे एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांचा सॉकेट. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट १४ व्या पिढीवर थांबला, पुढच्या प्रोसेसरांना वेगळा सॉकेट लागतो. एएम५ २०२२ मध्ये आला आणि किमान २०२७ पर्यंत तो चालू ठेवू असं एएमडीने सांगितलं आहे, म्हणजे पुढे फक्त प्रोसेसर बदलून भागेल. अडचण एकच, एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव असे चढले, की दुकानदार कोटेशनवर "फक्त आजसाठी" असं लिहून द्यायला लागले. क्रुशियल नावाने आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळणारी रॅम बंद करत असल्याचं मायक्रॉनने त्याच डिसेंबरमध्ये जाहीर केलं. जुना एएम४ आणि डीडीआर४ घ्यावी का, हा विचार मनात येऊन गेला. पण तोवर तीही महागली होती.

बाबांचा सल्ला व्यवहारी होता: "आत्ता १६ जीबीची एकच पट्टी घे, भाव उतरले की बाकीच्या टाक. चार खाचा आहेत ना?" आहेत, पण एएम५ वर चारही भरल्या की वेग पडतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० आहे. शिवाय एकच पट्टी लावली की मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो आणि गेममध्ये ते जाणवतं. म्हणून १६ च्या दोन, एकाच पाकिटातल्या, ६००० वेगाच्या, सीएल ३० (प्रतिसादाला लागणारा उशीर, आकडा कमी तितका बरा) आणि एक्स्पो (पूर्ण वेग एका सेटिंगने चालू करायची सोय) लिहिलेल्या घ्यायच्या ठरल्या. पैसे दुसरीकडून काढले. भावाला लिक्विड कूलर हवा होता, तो कापला.

तो कापायला आणखी एक कारण होतं. निवडलेल्या कॅबिनेटवर "कार्डाची लांबी ३३० मिलिमीटरपर्यंत" असं लिहिलेलं होतं. हा आकडा पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर नसताना धरतात. पुढे रेडिएटर लावला तर त्याचे २७ आणि पंख्याचे २५ मिलिमीटर गेले, उरले २७८. तीन पंख्यांची बरीच कार्डं त्यात बसत नाहीत. त्याऐवजी साधा टॉवर कूलर घेतला, १५५ मिलिमीटर उंचीचा, कारण कॅबिनेटची मर्यादा १६० ची आहे. आमच्या त्या खोलीत मे महिन्यातही एसी नसतो, म्हणून कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा हवा यावर मी अडून राहिले. काचेचा दिसतो छान, पण हवा येणार कुठून?

खरेदीला लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या पार्टांचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथे कोणी तसं म्हणत नाही. ठाण्याहून फास्टने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. कॅबिनेट आणि मॉनिटर मात्र ऑनलाइन मागवले. ते खोके घेऊन संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याला परत येण्याची हिंमत माझ्यात नाही.

पहिल्याच दुकानात तिसरा रकाना कामाला लागला. यादीत रायझन ५ ७६०० होता. "मॅडम, वो खतम हो गया. ८४००एफ ले लो, सेम ही है, नंबर भी बडा है." नंबर मोठा आहे हे खरं. सॉकेट तोच, कोअर सहाच, मदरबोर्डवर बसेलही. पण ७६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ८४००एफ मध्ये १६. ग्राफिक्स कार्डाला ७६०० सोळा लेन (डेटा ये-जा करायचे रस्ते) देतो, हा आठच. आणि शेवटच्या "एफ"चा अर्थ आत ग्राफिक्स अजिबात नाही. उद्या कार्ड वॉरंटीत पाठवावं लागलं, तर ते परत येईपर्यंत पीसी नुसता खोका. मी नको म्हटलं. मग त्याने ९६००एक्स काढला. तो खरोखर चांगला, पण माझ्या यादीतल्या बी६५० प्रकारच्या मदरबोर्डाचा खोका जुन्या स्टॉकमधला असेल तर बायॉस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय तो सुरूच होणार नाही. नव्या बायॉसच्या बोर्डांच्या खोक्यावर "रायझन ९००० रेडी" असा स्टिकर असतो. त्याच्याकडच्या बोर्डावर तो नव्हता. बोर्डावर बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हने अपडेट करता येतं, पण स्वस्तातल्या बोर्डांवर ते बटण असेलच असं नाही. चार दुकानं पुढे ७६०० मिळाला, सीलबंद खोक्यात. ट्रेमधला सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण वॉरंटीचं काय ते विचारलं की उत्तरं गोलगोल येतात.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट याहून बारीक. मला आरएक्स ९०६० एक्सटी हवं होतं, १६ जीबीचं. जून २०२५ मध्ये हे कार्ड एकाच नावाने दोन प्रकारांत आलं, ८ जीबी आणि १६ जीबी. खोके जवळपास जुळे, आकडा एका कोपऱ्यात. एका कोटेशनवर नुसतं "९०६० एक्सटी" लिहिलेलं होतं आणि किंमत बघून मन हरखावं अशी. "हे किती जीबीचं?" विचारल्यावर "आठ. सोला का क्या करोगे?" १४४०पी वर नवे गेम ८ जीबीची मेमरी सहज भरून टाकतात, हे त्याला सांगत बसले नाही. १६ जीबी आणि पूर्ण मॉडेल नंबर बिलावर लिहून घेतला. बिल जीएसटीचंच घेतलं. विना बिलाचा भाव ऐकायला गोड लागतो, पण सर्व्हिस सेंटरवाला बिलाची तारीख मागतो.

मदरबोर्ड मात्र मी बदलला. यादीतला मिळेना, तेव्हा दुसऱ्या कंपनीचा, छोट्या आकाराचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेतला, फोनवर त्याच्या पानावर जाऊन माझ्या रॅमचा पार्ट नंबर मेमरीच्या यादीत आहे का ते तिथेच उभं राहून बघितलं. मॉडेलच्या नावात शेवटी वायफाय आहे ना तेही. राउटर हॉलमध्ये आहे, आणि सबंध पॅसेजभर केबल टाकायला आईने परवानगी दिली नसती.

"कॅबिनेट के साथ एसएमपीएस फ्री" ही ऑफर तीन ठिकाणी ऐकली. पीसीमधला हाच एक पार्ट असा, की मेला तर जाताना चार जणांना घेऊन जातो. ६५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा) घेतला. बेरीज साधी होती: प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड १६०, बाकी सगळं मिळून ६० धरा. म्हणजे ३०८. ६५० हे जास्त वाटतं, पण कार्ड क्षणभर उसळी मारतं तेव्हा अंगाशी येत नाही, आणि पुढचं कार्ड मोठं घेतलं तरी चालेल.

खरी गाठ पडली ती घरी. एसएमपीएससोबत आलेल्या केबलची पिन १६ अँपिअरची, जाडजूड. आमच्या बेडरूममध्ये तसा पॉइंट एकच, भिंतीवर वर, भविष्यातल्या एसीसाठी. यूपीएसच्या मागच्या बाजूलाही ती पिन जात नाही. आमचे नेहमीचे वायरमन काका नवा पॉइंट काढून द्यायला तयार होते. पण ६५० वॅट २३० व्होल्टवर म्हणजे तीन अँपिअरच्या आसपास, त्याला १६ चा पॉइंट कशाला? केबलचं मशीनकडचं टोक बहुतेक डेस्कटॉपना एकच असतं. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून ६ अँपिअरच्या पिनची, चांगल्या जाड तारेची केबल आणली.

यूपीएसही बदलावा लागला. जुना ६०० व्हीएचा, खरं वजन पेलणार ३६० वॅट. मघाच्या ३०८ मध्ये मॉनिटरचे ४० मिळवा, झाले ३४८. घोडबंदरच्या बाजूला पावसाळ्यात वीज जाते-येते तशी आमच्याकडेही जाते, आणि नेमकी गेमच्या मध्यात गेली तर इतक्या काठावरचा यूपीएस पीसी सावरण्याऐवजी स्वतःच बंद पडायचा. ११०० व्हीए, ६६० वॅटचा घेतला. बजेटमध्ये हा खर्च कोणी धरत नाही, आणि भावाच्या मित्रांपैकी एकानेही धरला नव्हता.

जोडणी रविवारी, जेवणाच्या टेबलावर. कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते धातूचे छोटे खांब) मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी आधीच ठोकलेले असतात. मायक्रो-एटीएक्सच्या खाली येणारा एक जास्तीचा स्टँडऑफ पकडीने काढला, नाहीतर तो बोर्डाच्या मागे टेकून शॉर्ट व्हायचा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कूलर बसवताना एएम५ ची मागची पट्टी काढावी लागत नाही, पुढचे दोन प्लास्टिकचे तुकडे काढले की झालं.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळा. भावाचा चेहरा पडला, हात स्विचकडे गेला. त्याला थांबवलं, कारण एएम५ पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी वेग जुळवून बघतो, आणि त्यात काही मिनिटं सहज जातात. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. आईचा चहा येईपर्यंत बायॉसचा स्क्रीन आला. तिथे रॅम ४८०० वर दिसत होती, एक्स्पो चालू करून ६००० वर नेली. विंडोजमध्ये मॉनिटर ६० हर्ट्‌झवर अडकला होता, तो डिस्प्ले सेटिंगमधून १८० वर.

सगळे खोके आता माळ्यावर आहेत. दिवाळीच्या साफसफाईत आई ते रद्दीवाल्याला देणार म्हणून मी प्रत्येकावर मार्करने वॉरंटीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे, आणि सिरियल नंबरचे फोटो शीटमध्ये चौथा रकाना करून टाकले आहेत.