पहिली सेमी-ऑटो रायफल? .२२ च घ्या

आज रेंजवर पुन्हा तोच प्रश्न: पहिली सेमी-ऑटो (घोडा दाबला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप भरली जाते) कोणती? अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना माझं उत्तर ठाम आहे, रुगर १०/२२. १९६४ पासून बनते, काडतूस .२२ लाँग रायफल, मॅगझिन १० गोळ्यांचं, खांद्याला धक्का जवळजवळ नाही.

अडते ती बहुधा रिकामी पुंगळी. बोल्ट (काडतुसामागचा सरकता भाग) मागे जातो तो काडतुसाच्याच जोरावर, आणि सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाचं काडतूस, तिथे कमी पडतं. ४० ग्रेन वजनाच्या गोळीचं हाय-व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचं, वापरा. तीन-चार ब्रँड आणून ५० यार्डांवर पाच-पाच गोळ्या झाडा. कोणत्या नळीला काय मानवतं ते कागदावरच दिसतं. आणि हे विसरू नका, साध्या मॉडेलमध्ये शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहत नाही. मॅगझिन काढा, बोल्ट ओढा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. दर वेळी!

शिकार ससे-खारींपुरतीच. हरणासाठी बहुतेक राज्यांत .२२ सारखं रिमफायर काडतूस चालत नाही, आणि ते योग्यच आहे. जनावर नुसतं जखमी होऊन तडफडतं. मॅगझिनमधल्या गोळ्यांवरही काही राज्यांत मर्यादा आहे.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर आधी शिकारीचा परवाना काढा. फेडरल कायद्यात अशा व्हिसावर बंदूक बाळगायला बंदी आहे, आणि तुम्हाला सूट मिळते ती प्रामुख्याने त्याच्यावरच.