रोडिओतला म्हातारा

"धिस इज अमेरिका, स्पीक इंग्लिश!" ह्यूस्टनच्या रोडिओत, म्हणजे काउबॉय लोकांच्या खेळांच्या जत्रेत, आमच्या मागे बसलेला एक म्हातारा शेजारच्या मेक्सिकन कुटुंबावर खेकसला. छोटी पोरगी आजीला स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारत होती, एवढंच निमित्त. पोरगी गप्पच झाली, आजीने नुसती तिची हॅट सरळ केली.

आणि हा बाबा कोण, तर कमरेला ताटलीएवढं बक्कल, हातात नाचोज, मगाचपासून आपल्या गुरांच्या रँचच्या गप्पा मारतोय. अरे बाबा, रँच म्हणजे स्पॅनिश रांचो, लॅसो (गुरं धरायचा फासाचा दोर) म्हणजे लासो, मस्टँग (रानटी घोडा) मेस्तेन्योवरून आलाय, बकरू (काउबॉय) तर चक्क वाकेरोचं (म्हणजे गुराख्याचं) बिघडलेलं रूप, आणि तिकीट काढून ज्याला आलायस तो रोडिओसुद्धा स्पॅनिशच! १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोतच होतं की. दोर फेकून गुरं धरायची विद्या इथल्या काउबॉयने मेक्सिकन वाकेरोंकडूनच उचलली, शब्द आपसूक सोबत आले.

मी हे सगळं मनातल्या मनातच बोललो अर्थात.

घरी येताना बायको म्हणाली, आपण पण तर मराठीतच बोलत होतो ना, तेही चांगलं मोठ्याने, मग आपल्याला कसं काही नाही म्हणाला तो?

काय वाटतं तुम्हाला?