सेकंडहँड फोर बाय फोर घेताना सर्व्हिस हिस्ट्री काढणं: माझा अनुभव

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण नागपुरात जेवढ्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) गाड्या पाहिल्या तिथं जवळपास प्रत्येकानं मोबाइल पुढे करून मला हेच दाखवलं, "भाऊ, फिटनेस २०३३ पर्यंत आहे, ॲपवर पाहून घ्या." खासगी गाडीत त्या ओळीचा अर्थ इतकाच की २०१८ मधे रजिस्ट्रेशन झालं आणि तिथून १५ वर्षं मोजली. मधे कोणीही गाडीखाली वाकून पाहिलेलं नाही. पांढऱ्या पाटीची तपासणी थेट १५ वर्षांनी, मग दर ५ वर्षांनी. पिवळ्या पाटीला पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग लागतं, म्हणजे पेंचला सफारीत चाललेली जिप्सी असेल तर ती तपासणीला गेलेली तरी असते. पीयूसी म्हणाल तर तो फक्त धुराचा कागद आहे, त्यातून चेसिसबद्दल, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याबद्दल, काही कळत नाही.

मग हिस्ट्री कुठं असते? जॉब कार्डात. गाडी कधी आत आली, किती किलोमीटरला आली, काय बदललं, ॲक्सिडेंटचं काम झालं का, सगळं ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरच्या सिस्टीममधे असतं आणि ते बाहेर काढणं हेच माझं खरं काम झालं. बाकी सगळं पटापट झालं.

गाडी काटोलकडची, डिझेल, एमएच-४०, पहिलेच मालक, संत्र्याचे बागायतदार काका. माणूस चांगला. एमपरिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला, ओनर १, लोन नाही, इन्शुरन्स चालू. ई-चलान पण निरंक. पण पॉलिसीची कॉपी मागितली तर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) २० टक्के. इथं थांबून नीट बघा कारण हे कोणी सांगत नाही. बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा दरवर्षी चढत जातो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. इतक्या जुन्या गाडीला, एकच मालक असताना, फक्त २० म्हणजे एकतर मधे पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद होती नाहीतर अलीकडे क्लेम झालाय. काकांना विचारलं तर म्हणाले, "थोडंसं बंपर घासलं होतं बापा, मी कायले खोटं बोलू." माझा त्यांच्यावर विश्वास होता, पण फोर बाय फोरमधे थोडंसं म्हणजे काय ते कागदावर बघितल्याशिवाय मी बयाना देणार नव्हतो.

आणि मग सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही. आरसीचा फोटो घेऊन गेलो, काउंटरवरचा मुलगा म्हणे ओनर पाहिजे. बरोबर आहे, दुसऱ्याच्या गाडीची माहिती कोणालाही देऊ नये, मला मान्य. म्हणून तिथूनच काकांना फोन लावून दिला, काकांनी सांगितलं हो द्या यांना. तर म्हणे ओटीपी जातो, आणि तो जातो त्या नंबरवर जो गाडी घेताना दिला होता, ते सिम काकांनी केव्हाच बंद केलेलं. नंबर बदलायचा तर ओनर स्वतः आधार आणि आरसी घेऊन पाहिजे. काकांकडे संत्र्याची तोड चालू, मजूर लावलेले, ते कुठं काटोल सोडून येतात. थांबलो. शेवटी ते बिचारे आले, नंबर बदलला, ओटीपी आला, आणि मग तो मुलगा सांगतो, "स्क्रीनवर पाहून घ्या ना भाऊ, प्रिंट देता येत नाही." ठीक, स्क्रीनवर दाखव. तर सिस्टीम स्लो होऊन राह्यली. उद्या या. उद्या गेलो तर मॅनेजर सुटीवर आणि मॅनेजरशिवाय लॉगिन नाही, मग कालपर्यंत कोणाचं लॉगिन चालत होतं?

मॅनेजर आल्यावर स्क्रीन उघडली तर त्यात फक्त शेवटच्या दोन-तीन एन्ट्री. आधीच्या सर्व्हिस दुसऱ्या डीलरकडे झाल्या, तो डीलर आता नाही, त्यामुळे इथं दिसत नाही, असं उत्तर. आणि नेमका बॉडीशॉपचा, म्हणजे त्या बंपरच्या कामाचा, जॉब पण इथल्या यादीत नाही. मला राग यायचं कारण हे की गाडी कंपनीची, सर्व्हिस कंपनीच्या नावावर, बिल प्रत्येक वेळी काकांनी भरलेलं, आणि त्याच माणसाला त्याच्याच गाडीचा कागद मिळत नाही. सेकंडहँड घेणारा तर त्यांच्यासाठी ग्राहकच नसतो. एसीत बसून चहा मिळतो, कागद मिळत नाही.

यातून सुटलो ते असं. काकांच्या मुलाच्या मोबाइलवरून काकांच्याच ईमेल आयडीनं कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला. आरसी जोडली, चेसिस नंबर लिहिला, पहिल्या सर्व्हिसपासूनची पूर्ण हिस्ट्री किलोमीटरसकट पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं, आणि मला कॉपीत ठेवलं. काउंटरवर जे होईना ते मेलवर झालं. त्याच मॅनेजरचा फोन आला, कागद तयार आहेत, घेऊन जा. त्यामुळे कोणी विचारलं तर मी आता सांगतो, काउंटरवर जाऊच नका, मालकाला आधी मेल करायला लावा. आणि मालक मेल करायलाच तयार नसेल तर ती गाडी सोडा.

कागद हातात आले तेव्हा खरंच हायसं वाटलं. किलोमीटर सरळ चढत गेलेले, कुठं मागे आलेले नाहीत. ॲक्सिडेंटच्या कामात बंपर, रेडिएटर, कंडेन्सर, बॉनेट. चेसिसला, सस्पेन्शनला हात लावलेला नाही, एअरबॅग बदललेली नाही. काका खरं बोलत होते, रेडिएटर तेवढं सांगायचं राहिलं होतं. पण दुसरी गोष्ट सापडली जी कोणीच सांगितली नसती, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि पुढच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरचं) ऑइल बदलल्याची एकही नोंद नाही. म्हणून ओळखीचा मिस्त्री सोबत नेला, ड्रेन प्लग खोलून बघितलं. ऑइल काळं होतं पण दुधाळ नव्हतं, दुधाळ असतं तर पाणी शिरलंय आणि गाडी नाल्यात उतरलीय असं समजायचं. त्या नोंदीवरच भाव खाली आणला, काकांनीही ऐकलं.

टेस्ट ड्राइव्हचं लिहायचं राहिलं. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग), फोर लो (चारही चाकं, कमी वेग पण जास्त जोर) दोन्ही लावून बघा पण मातीत, डांबरी रोडवर फोरमधे टाकून वळवू नका, पार्ट टाइम सिस्टीममधे (गरजेपुरतंच फोरमधे टाकायच्या) मधलं डिफरन्शियल नसतं, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. आम्ही बागेजवळच्या नांगरलेल्या काळ्या मातीत चालवली. चारही टायर एकाच साइजचे आहेत का तेही बघा, दोन नवीन दोन घासलेले असले तरी फोर बाय फोरला त्रास होतो. आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, गाडी नावावर करताना त्याचा पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा) लागतोच.

पुढे आरटीओत गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा, त्यामुळे पैसे देतानाच दोन्हींवर सह्या घेऊन टाका. इन्शुरन्सही आपल्या नावावर करून घ्या, पण जुन्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्यांच्यासोबतच जातो, हिशेबात तेवढा फरक धरून ठेवा. फास्टॅग पण जुन्या मालकाकडून बंद करून घ्यायचा. काकांनी माझ्यासमोरच बँकेला फोन करून केला.