दोन कोच, एक प्रोग्रॅम: फर्म काढण्याआधी हिशेब जुळवा

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, कुठेही बघा, एकट्याने काम करणारे कोच भरपूर झाले आहेत. कोणी बिझनेस कोच, कोणी लीडरशिपवर काम करणारे, कोणी करिअरवर. पहिली दोन-तीन वर्षं ओळखीतून कामं मिळतात, मग गाडी अडते ती वेळेवर. आठवड्याला पंधरा-सोळा सेशन्स मन लावून घेतली, त्यांच्या नोंदी लिहिल्या, प्रपोजल्स पाठवली, इनव्हॉइसच्या मागे लागलात, की आठवडा संपला. अशा वेळी दुसऱ्या कोचबरोबर काम करायचा विचार येतो आणि तो योग्यच आहे. फक्त बहुतेक जण सुरुवात फर्मचं नाव आणि लोगो यापासून करतात. माझं ठाम मत असं की फर्म ही शेवटची पायरी. आधी एकमेकांकडे क्लायंट पाठवून बघा, मग एक प्रोग्रॅम मिळून करा. पैसे, क्लायंट आणि साहित्य या तीन बाबतींत समोरचा माणूस कसा वागतो ते तिथेच कळतं.

जोडीदार निवडताना सोपी कसोटी: क्लायंट तोच, काम वेगळं. भोसरी किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात दुसरी पिढी कारभार हातात घेते, तेव्हा मालकाला आकडे आणि कामाची पद्धत बसवून देणारा बिझनेस कोच लागतो, आणि सुपरवायझर-मॅनेजरांच्या फळीला लीडरशिप कोच. हे दोघं एकमेकांचं काम खात नाहीत. दोन लीडरशिप कोच एकत्र आले तर फायदा एवढाच की एक आजारी पडला तर दुसरा उभा राहतो. फीचा स्तरही जुळायला हवा. एकाचं सेशन ३,००० रुपयांचं आणि दुसऱ्याचं १२,००० चं असेल, तर क्लायंटची एचआर दोघांना ३,००० वर आणू पाहणार.

आयसीएफचं (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, कोचना प्रमाणपत्र देणारी जागतिक संस्था) क्रेडेन्शियल विचारा, त्यात लाजायचं काही नाही. त्याच्या तीन पातळ्या आहेत: एसीसीला किमान १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसीला ५००, एमसीसीला २,५००. तासांवरून दर्जा ठरत नाही, पण मोठ्या कंपन्या पॅनेलवर घेताना हे बघतात आणि तुमच्या संयुक्त प्रपोजलमध्ये ते लिहावं लागतं. दर्जा कळायला एक मार्ग आहे: एकमेकांना प्रत्येकी तीन सेशन्स द्या, खऱ्या विषयावर. समोरचा ऐकतो का सल्ले झोडतो, ते तीन तासांत लक्षात येतं.

रेफरलपासून सुरुवात करताना तीन गोष्टी लेखी ठरवा: किती टक्के, कशावर, कधीपर्यंत. पहिल्या करारावर एकदाच १० ते १५ टक्के, जीएसटीआधीच्या रकमेवर, आणि प्रत्यक्ष पैसे जमा झाल्यावर, हे बहुतेकांना परवडतं. आयुष्यभराचा वाटा कबूल करू नका. दुसऱ्या वर्षी क्लायंट टिकला तर तो काम करणाऱ्यामुळे टिकलेला असतो. पाठवलेलं नाव सहा महिन्यांत पक्कं झालं नाही तर हक्क संपला, असंही लिहा. नाहीतर वर्षाने "तो मीच पाठवला होता" हे ऐकावं लागतं. यासाठी दोघांनी एकच शीट ठेवावी: तारीख, नाव, क्लायंटची परवानगी घेतली का, पुढे काय झालं. परवानगीचा रकाना महत्त्वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर फॉरवर्ड करणं हा रेफरल नव्हे. क्लायंटला विचारून, तिघांच्या मेलवर चार ओळींत ओळख करून द्यायची, त्याच्या अडचणीचा तपशील मात्र लिहायचा नाही, तो त्याने स्वतः सांगावा. रेफरलबद्दल पैसे मिळणार असतील तर तेही क्लायंटला सांगावं लागतं. आयसीएफच्या आचारसंहितेत ते आहेच.

कमिशन कोणाला देता येत नाही हेही माहीत हवं. बिझनेस कोच सर्रास सीएंना "काम पाठवा, १० टक्के देतो" म्हणतात. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ च्या पहिल्या परिशिष्टानुसार सदस्य नसलेल्याच्या व्यावसायिक कामाच्या नफ्यात वाटा घेणं हे सीएसाठी गैरवर्तन ठरतं. म्हणजे तुम्ही त्यांना अडचणीत टाकता. सीएंबरोबर भागीदारी करायची असेल तर त्यांच्या क्लायंटांसाठी दोन तासांचं मोफत सत्र घ्या, तेवढं पुरतं. मानसोपचारतज्ज्ञांचंही तसंच, रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना आचारसंहितेने वर्ज्य आहे. प्रत्येक कोचकडे असा एक तज्ज्ञ हवाच, पण ते नातं विनापैशाचं. रात्री-अपरात्री क्लायंटची स्थिती गंभीर वाटली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर हाताशी ठेवा.

आता खरी गोष्ट: मिळून केलेला प्रोग्रॅम. सगळ्यात जास्त मनं इथेच दुखावतात, आणि कारण बहुधा "अर्धं-अर्धं करू" हे वाक्य असतं. एक उदाहरण पूर्ण मांडतो.

कंपनीशी ठरलेली फी ३,००,००० रुपये. सात मॅनेजर, प्रत्येकाला तीन वैयक्तिक सेशन्स, म्हणजे २१ सेशन्स, शिवाय दोन दिवसांची कार्यशाळा. पहिल्या कोचने काम आणलं, इनव्हॉइस त्याचं. दुसऱ्या कोचने वेळापत्रक, हजेरी, एचआरचे रिपोर्ट हे सगळं सांभाळलं. इनव्हॉइस ३,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी ५४,०००, एकूण ३,५४,०००. कंपनी व्यावसायिक फीवरचा १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर), म्हणजे ३०,००० कापून ३,२४,००० बँकेत पाठवते. प्रवास आणि छपाईचा खर्च ४०,०००.

चूक अशी होते: बँकेत ३,२४,००० आले, त्यातून जीएसटीचे ५४,००० आणि खर्चाचे ४०,००० वजा केले, उरलेले २,३०,००० अर्धे केले, दोघांना १,१५,०००. वरवर ठीक वाटतं. पण टीडीएसचे ३०,००० पहिल्या कोचच्या पॅनवर जमा आहेत, ते त्याला त्याच्या करात वळते होतात. दुसरीचे १५,००० कोणाच्याही मनात काळंबेरं नसताना गेले. वाटणी नेहमी जीएसटी सोडून आणि टीडीएस कापण्याआधीच्या रकमेवर करायची.

अर्धं-अर्धंपेक्षा मला कामाप्रमाणे वाटणी जास्त टिकाऊ वाटते. ३,००,००० मधून खर्च ४०,००० बाजूला, राहिले २,६०,०००. काम आणणाऱ्याला फीच्या १५ टक्के, ४५,०००. समन्वय सांभाळणारीला १० टक्के, ३०,०००. उरले १,८५,०००, ते प्रत्यक्ष कामाचे. एक सेशन म्हणजे एक एकक, कार्यशाळेचा एक दिवस तयारीसह आठ एकक. २१ अधिक १६, एकूण ३७ एकक. एका एककाला ५,००० रुपये. पहिल्याने पाच मॅनेजर आणि एक दिवस केला तर २३ एकक, १,१५,०००; दुसरीने दोन मॅनेजर आणि एक दिवस केला तर १४ एकक, ७०,०००. शेवटी पहिल्याला १,६०,००० आणि दुसरीला १,००,०००. टक्के तुम्ही बदलू शकता, एककंही. पण तीन कप्पे वेगळे ठेवा: आणणं, सांभाळणं, करणं. पुढच्या वेळी भूमिका बदलल्या तर आकडे आपोआप बदलतात, वाद घालावा लागत नाही.

याच व्यवहारातल्या आणखी दोन खाचा. जीएसटी इनव्हॉइस किंवा पैसे, जे आधी होईल त्या तारखेवरून देय होतो, पैसे यायची वाट बघत नाही. मासिक रिटर्न असेल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत ५४,००० भरायचे, कंपनीचे पैसे मात्र दीड-दोन महिन्यांनी. हा भार एकट्या पहिल्या कोचने का उचलावा? म्हणून कंपनीकडून ४० ते ५० टक्के आगाऊ मागा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, ती मोफत आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत पैसे मागता येतात. इनव्हॉइसवर तो नंबर छापा. दुसरी खाच: पूर्ण ३,००,००० पहिल्याच्या उलाढालीत धरले जातात. जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा अजून ओलांडली नसेल, तर सगळी बिलं एकाच्याच नावावर गेल्याने तो लवकर नोंदणीत येतो. दुसरीने पहिल्याला तिच्या वाट्याचं रीतसर बिल द्यायचं. ती नोंदणीकृत असेल तर १,००,००० वर १८,००० लावेल आणि पहिल्याला त्याचं क्रेडिट मिळेल, म्हणजे तेवढे त्याच्या देय जीएसटीतून वजा होतील. पहिल्या कोचला स्वतः टीडीएस कापावा लागतो का, हे त्याच्या आदल्या वर्षीच्या उलाढालीवर ठरतं. सीएंना वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

पैशाइतकीच नाजूक बाब म्हणजे गोपनीयता. वैयक्तिक सेशनमध्ये एकाने ऐकलेलं दुसऱ्याने कार्यशाळेत वापरायचं नाही. "तुमच्यातल्या काहींना डायरेक्टर साहेबांसमोर बोलायचं दडपण येतं" हे वाक्य सहज बोललं जातं, आणि सात जणांच्या खोलीत ते कोणाबद्दल आहे हे सगळ्यांना कळतं. त्या मॅनेजरचा विश्वास तिथे संपला आणि उरलेली सेशन्स औपचारिक झाली. पहिल्या बैठकीत कंपनी, मॅनेजर आणि दोन्ही कोच यांच्यात लेखी ठरवा: एचआरला काय कळणार (हजेरी, ठरलेली उद्दिष्टं), कोचनी आपापसांत काय बोलायचं (मॅनेजरने परवानगी दिली तेवढंच), आणि काय कुठेच जाणार नाही.

साहित्याचं काय? कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे ज्याने लिहिलं तो पहिला मालक. दोघांनी मिळून, कोणाचा भाग कोणता हे सांगता येणार नाही असं वर्कबुक केलं, तर ते दोघांचं. एकाने दुसऱ्याला न विचारता ते तिसऱ्या कंपनीत चालवलं की तंटा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. करारासोबत दोन याद्या जोडा: आपापलं आणलेलं, आणि इथे तयार झालेलं. दुसऱ्या यादीपुढे एकच ओळ: दोघंही स्वतंत्रपणे वापरू शकतात, दोघांची नावं ठेवून.

हा करार दोन पानांत मावतो. महाराष्ट्रात अशा करारासाठी ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. "संपल्यावर माझ्या क्षेत्रात काम करायचं नाही" असलं कलम घालून निश्चिंत होऊ नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे ते कोर्टात टिकणं अवघड. त्यापेक्षा पैशाची अट घाला: या कंपनीकडून पुढच्या १२ महिन्यांत दोघांपैकी कोणालाही काम मिळालं, तर आणणाऱ्याला १५ टक्के. आणि "आम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहोत, भागीदारी संस्था नाही" हे स्पष्ट लिहा, तसंच वागा. भागीदारीसाठी लेखी करारच हवा असं कायदा म्हणत नाही. ब्रोशरवर "आमचे पार्टनर" छापून नफा वाटत राहिलात, तर दुसऱ्याने केलेल्या देण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, आणि भागीदारीत ती प्रत्येकावर पूर्ण रकमेची असते.

असे तीन-चार प्रोग्रॅम, वेगवेगळ्या कंपन्यांत, निदान वर्षभर नीट झाले की मग फर्मचं बोला. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ खाली करारात काही लिहिलं नाही तर नफा-तोटा समान आणि भागीदाराला पगार नाही, कोणी कितीही राबो. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला पैसे बुडवणाऱ्या क्लायंटवर करारावरून दावा लावता येत नाही. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, यात वैयक्तिक जबाबदारी मर्यादित राहते. त्या बदल्यात करार ३० दिवसांत दाखल करायचा, फॉर्म ११ (वार्षिक विवरण) दरवर्षी ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ (हिशेबाचं विवरण) ३० ऑक्टोबरपर्यंत, एक रुपयाचंही काम झालं नाही तरी. दोन्हींच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर, अधिक सेस. काम करणाऱ्या भागीदारांचं मानधन मर्यादेत वजा मिळतं, पण ते करारात लिहिलेलं असेल तरच, म्हणून ते कलम पहिल्याच मसुद्यात घ्या.

आणि बाहेर पडायची वाटही त्याच मसुद्यात. डोमेन कोणाच्या ईमेलवर घेतलंय, झूमचं खातं कोणाच्या कार्डावर, क्लायंटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिन कोण, इन्स्टाग्राम पेजचा पासवर्ड कोणाकडे: एक पान भरून लिहा आणि दर सहा महिन्यांनी ताजं करा. ६० दिवसांची नोटीस, आणि सुरू असलेली सेशन्स ज्याची त्याने पूर्ण करायची. उरलेल्या क्लायंटांना दोघांच्या सहीचं एकच पत्र जाईल, त्यात दोघांचेही नंबर असतील आणि पुढे कोणाबरोबर काम करायचं हे क्लायंट ठरवेल.