मिरजेला गाडी बदलायची

बेळगावातल्या जुन्या माणसांना पुण्या-मुंबईच्या प्रवासाचं विचारा, गाडीचं नाव नंतर, आधी मिरज. मिरजेला उतरायचं, मिरजेला जेवायचं, मिरजेला पळत जाऊन जागा धरायची. ऐकणाऱ्याला वाटतं हे ब्रिटिशांच्या जमान्यापासूनच चालत आलेलं असणार. खरं तसं नाही हो, आमच्या आजोबांना मिरजेला गाडी बदलायलाच लागत नव्हती.

सदर्न मराठा रेल्वेनं १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंत लाइन टाकली ती सगळी मीटरगेज, दोन रुळांत बरोब्बर १ मीटर. आजोबा बेळगावात पूना-बेंगलोर मेलमध्ये चढले की थेट पुणे, पुढं मुंबईला जायचं असलं तरच तिथं ब्रॉडगेजच्या गाडीत बसायचं. मग १९७१ ला पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, रूळ १६७६ मिलिमीटर, लोक खूश, आणि ते ब्रॉडगेज आमच्याकडं न वळता मिरजेला येऊन थांबलं. म्हणजे सुधारणा झाली नि बाबांच्या पिढीला पुण्याला जायलासुद्धा मध्येच उतरायला लागलं, ट्रंक, वळकटी, पोरं, कुंद्याचा डबा सगळं घेऊन.

त्यात तिसरी एक होती, बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. कुर्डुवाडी, पंढरपूर करत ती १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. १९७१ नंतर वीसेक वर्षं मग मिरज जंक्शनात तिन्ही मापाचे रूळ, एका घरात तीन जावा आणि तिघींच्या चुली वेगळ्या तसं. आमच्या भागातला वारकरी मीटरगेजनं यायचा नि छोट्या गाडीत बसून विठोबाकडं जायचा. माणसं तरी आपल्या पायानं गाडी बदलतात, मालाचं काय? एका मापाच्या डब्यातलं पोतं दुसऱ्या मापाच्या डब्यात हमालाच्या पाठीवरूनच जाणार. गेज म्हणजे इंजिनियर लोकांचा विषय असं आपण समजतो, खरं त्याचं वजन ह्या पाठींनी उचललंय.

मिरजेला बदल नसला तरी आमची माणसं उतरायचीच म्हणा. दवाखाना! वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून अथणी, रायबाग, चिकोडीकडचा पेशंट मिरजेला न्यायचा हे ठरलेलं. आणि गाण्यातली माणसं मिरासाहेबांच्या दर्ग्याला, तिथं गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब गेले तेही एका रेल्वे स्टेशनावर, १९३७ मध्ये, पाँडिचेरीला जाताना तब्येत बिघडली म्हणून मद्रासजवळच्या सिंगपेरुमाल कोइलला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच प्राण सोडला. तिथून त्यांना मिरजेला आणलं. मला हे मिरज आलं की हमखास आठवतं, गाडी कितीही गर्दीची असली तरी.

१९९० नंतरच्या दशकात आमच्या बाजूचंही ब्रॉडगेज झालं, पुढं पंढरपूरची छोटी लाइनही टप्प्याटप्प्यानं मोठी झाली. सगळे रूळ एका मापाचे म्हटल्यावर मिरजेचा रुबाब कमी झाला असं बाबांचं मत, माझं नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी पाठवलं ते मिरजेतूनच की, पहिल्या फेरीला १० वाघिण्यांतून ५ लाख लिटर, आणि मधला टप्पा नॅरोगेजच राहिला असता तर त्या वाघिण्या पंढरपूरकडं वळल्याच नसत्या. आता तर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत आहे, बेळगावात बसायचं, मिरजेला दार उघडतं नि बंद होतं, मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत सांगली.

म्हणजे आजोबा थेट, बाबा बदलून, मी परत थेट. खरं हे आम्हा बेळगाववाल्यांचं झालं. उगार, कुडची, चिंचलीच्या माणसाला पॅसेंजरनं कोल्हापूरला जायचं तर त्याची मिरज अजून चुकलेली नाही. पॅसेंजर लेट झाली की कोल्हापूरची गाडी गेलेली असते, मग चौकशीच्या खिडकीवर निम्मे मराठीत आणि निम्मे कन्नडात एकदमच विचारतात, पुढची कधी, आणि आतला माणूस दोघांनाही हिंदीत सांगतो, बोर्ड देखो.